येळवशीला आलेली पोरं



मार्गशीर्ष अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी भालकीच्या बसस्थानकावर घटकाभर थांबून बघा. पुणे, मुंबई, हैदराबादकडून येणाऱ्या गाड्या खच्चून भरलेल्या. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात मिठाईचा पुडा, आणि उतरल्या उतरल्या तोंडी एकच प्रश्न, "कोप बांधली का?" दुसऱ्या दिवशी येळवस. औराद, भालकी, कमलनगर, बसवकल्याण, आळंद, साऱ्या भागातली गावं रानात जातात. घर मराठी असो की कन्नड, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील यांवर पंगत बसते. पोरांना कुणी बोलावणं धाडत नाही. ती आपणहून येतात.

आणि तिसऱ्या दिवशी त्याच गाड्यांनी परत जातात. जाताना बॅगेत तुरीची डाळ आणि ज्वारीचं पीठ असतं, एवढाच फरक. आज मला बोलायचंय ते या तिसऱ्या दिवसाबद्दल.

आपली माणसं एकदा मोठ्या संख्येनं परतली होती, 2020 साली. टाळेबंदीत मुंबई-पुण्याची बांधकामं थांबली, आणि आळंद, चिंचोळीकडच्या तांड्यांवरची कुटुंबं डोक्यावर बोचकी घेऊन आली. पोटानं त्यांना माघारी पिटाळलं होतं. म्हणून तर टाळेबंदी उठताच कित्येकजण पुन्हा निघून गेले. नाइलाजानं आलेला माणूस वाट मोकळी होईपर्यंतच थांबतो.

गेलेली माणसं मनापासून परत कशी यावीत, हा पेच आज युक्रेनपुढे फार मोठ्या प्रमाणावर उभा आहे. 2022 च्या फेब्रुवारीत युद्ध भडकलं. आज युरोपीय संघाच्या देशांत 40 लाखांहून अधिक युक्रेनियन तात्पुरत्या संरक्षणाखाली राहतात. त्यांच्या पोरांची शाळा तिथली, मित्र तिथले, पहिली नोकरीही तिथलीच. युक्रेन सरकारनं 2024 च्या डिसेंबरात राष्ट्रीय ऐक्य मंत्रालय काढलं होतं, ते या बाहेरच्या माणसांशी धागा टिकवण्यासाठी. "परत या" असा हुकूम काढून तरुण परत येत नाहीत. घर, काम, शाळा, दवाखाना या चारही गोष्टी सांभाळणाऱ्यांना आधी आपसांत बोलावं लागतं.

आपल्याकडे युद्ध नाही. पण ती चार माणसं एकत्र बसतात का?

1956 पर्यंत उदगीर, निलंगा आपल्याच बिदर जिल्ह्यात होते. राज्यं बदलली, सोयरीक राहिली. त्यामुळे मराठी घरातल्या पोराची नजर लातूर-पुण्याकडे जाते, यात नवल नाही. पण इथंही आता बरंच आहे. 2012 च्या घटनादुरुस्तीनं कलम 371 (जे) आलं आणि या भागातल्या उमेदवारांना नोकरीत व शिक्षणात राखीव वाटा मिळाला. आळंद तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आहे. 2017 पासून बिदर-कलबुर्गी रेल्वे धावते.

मग अडतं कुठं? एक उदाहरण घ्या. राखीव जागेचा दाखला हातात आहे, पण राज्याच्या भरतीत कन्नडचा पेपर सुटत नाही. शाळेत शिकलेली कन्नड पुण्यातल्या दहा वर्षांत गंजून गेलेली असते. कॉलेज म्हणतं, भरती आमचं काम नाही. कार्यालय म्हणतं, भाषा शिकवणं आमचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत कन्नड वर्ग चालवला तर कुणाची इज्जत जाणार आहे?

दुसरं उदाहरण बिदरीचं. जस्त आणि थोडं तांबं यांचं भांडं ओततात, त्यावर कोरून चांदीची तार ठोकतात, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागरासोबत उकळून त्यात ते बुडवतात. भांडं काळंभोर होतं, चांदी तशीच चमकत राहते. 2006 साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पण कारागिराचा मुलगा हैदराबादेत डिलिव्हरीच्या गाडीवर असतो. नवे नमुने काढणारी पोर एका गावात, कर्ज देणारी बँक दुसऱ्या रस्त्यावर, गिऱ्हाईक मोबाइलमध्ये. तिघांची गाठ कुणी घालून देत नाही.

आणि लेकींचं काय? पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला गावाकडे परतण्याबद्दल विचारा. पगाराची गोष्ट ती नंतर काढते. आधी विचारते, "रात्री आठला कामावरून सुटले तर एकटी घरी येता येईल ना?" याचं उत्तर एकटा कारखानदार देऊ शकत नाही, एकटे पोलीसही नाहीत आणि एकटी ग्रामपंचायतही नाही. तिघांनी मिळूनच ते द्यायचं आहे.

पोरांना "गाव सोडू नका" म्हणणं मला पटत नाही. जाऊ द्या, जग बघू द्या. परतायचं की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. आपलं काम दार उघडं ठेवण्याचं.

तेव्हा एक विनंती. या येळवशीला आपल्या कोपीत चार पाहुणे जास्त बोलवा. कॉलेजचे प्राचार्य, बँकेचे साहेब, डाळमिलचे मालक आणि पंचायतीच्या अध्यक्षबाई. आंबील वाढा, आणि पहिला शब्द पुण्याहून आलेल्या पोरापोरींना बोलू द्या. मोठ्यांनी त्या दिवशी फक्त ऐकायचं.