बाटलीवरची चिठ्ठी



पाहुण्यानं मोठी स्वप्नं पाहायला सांगावं, अशी दीक्षान्त समारंभाच्या व्यासपीठाची रीत. मी तुम्हाला जुन्या बाटल्या सांभाळायला सांगायला आलो आहे.

1931 साली अ‍ॅलिस्टर हार्डी या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं एक सर्वेक्षण सुरू केलं. मालवाहू जहाजांच्या मागे एक यंत्र ओढत न्यायचं. समुद्राचं पाणी त्यातून वाहतं, हळूहळू सरकणाऱ्या रेशमी पट्टीवर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, अडकतात आणि पट्टी फॉर्मॅलिनमध्ये गुंडाळली जाते. हेरिंग माशांचं खाद्य कुठे किती आहे, एवढंच त्यांना हवं होतं. प्लास्टिक कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण प्लवक मोजून झाल्यावरही पट्ट्या कुणी फेकल्या नाहीत. माझ्या मते खरं शहाणपण इथे होतं.

पुढे ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे संशोधक रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी किनाऱ्यावरची वाळू तपासत होते. दाट मिठाच्या पाण्यात ढवळली की वाळू तळाशी बसते, हलके कण वर येतात. इन्फ्रारेड किरणांखाली त्यातले काही कण नायलॉन, पॉलिएस्टर, अ‍ॅक्रिलिक निघाले. समुद्रात हे प्लास्टिक कधीपासून साचतंय? उत्तर हार्डींच्या पट्ट्यांत होतं. स्कॉटलंडहून शेटलंड आणि आइसलंडकडे जाणाऱ्या मार्गांवरच्या, 1960 नंतरच्या पट्ट्या त्यांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. दशकं सरतील तसं प्लास्टिक वाढलेलं स्पष्ट दिसलं. 2004 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला हा लेख जेमतेम एका पानाचा आहे. ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रुळला तो त्यानंतर.

या कामातली एक शिस्त मला फार आवडते. प्रयोगशाळेच्या हवेतही धागे तरंगत असतात. म्हणून नमुन्याशेजारी एक ओला, कोरा फिल्टर कागद उघडा ठेवतात, त्यावर पडलेले धागे मोजतात आणि तेवढे हिशेबातून वजा करतात. अंगात सुती कोट घालतात. आपला स्वेटर समुद्राच्या नावावर खपू नये, म्हणून! ही वजाबाकी नसलेला आकडा कितीही भयंकर असला, तरी पुढे पाठवू नका. आठवड्याला एटीएम कार्डाएवढं प्लास्टिक आपल्या पोटात जातं, हे वाक्य तुमच्याही मोबाइलवर आलं असेल. तो अंदाज फार फुगलेला आहे, असं नंतरच्या संशोधकांनी दाखवलं.

कण येतात कुठून, ते तुम्ही वाचलं आहे: धुतलेले कृत्रिम कपडे, झिजणारे टायर, फुटत जाणाऱ्या पिशव्या. कधी एका दिवसात गोण्यांनी येतात. मे 2025 मध्ये ‘एमएससी एल्सा 3’ हे जहाज केरळजवळ बुडालं आणि प्लास्टिकचे कच्चे दाणे तिरुवनंतपुरमच्या वाळूपर्यंत पोहोचले. असं उद्या रत्नागिरीला झालं, तर नुकसान किती हे कशाशी ताडून सांगणार? आदल्या वर्षीची वाळू कुणाच्या कपाटात आहे?

कुलगुरू महोदय, जागेची अडचण मला ठाऊक आहे. तरीही असे नमुने जपायला एक खोली द्या. आणि मुलांनो, प्रत्येक नमुन्यासोबत ठिकाण, तारीख आणि तो किती खोलवरून घेतला ते लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पेन्सिलीनं लिहा, शाई पुसली जाते. बाटली मात्र काचेची घ्या.