जोंगा आणि तीन वेळचं मोजमाप

आमच्या जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत निसानच्या परवान्यावर फौजेसाठी जोंगा गाडी बनायची. गाडीची रचना किती मॉड्युलर, हे कसं मोजायचं? सोपा हिशेब आहे. एक भाग बदलायला दुसरे किती भाग उतरवावे लागतात, ते मोजा. आकडा जितका लहान, तितकं बरं.

पण हा आकडा टप्प्यागणिक बदलतो. कारखान्यात इंजिन-गिअरबॉक्स जोडूनच बसवणं सोयीचं. वाटेत क्लचप्लेट जळाली, की तीच जोडी सोडवावी लागते. मोडीत काढताना लोखंड, ॲल्युमिनियम, रबर वेगळं करायचं असतं. म्हणून मोजमाप तीनदा करा: जोडणीला, दुरुस्तीला, मोडीला.

फौजेत दुरुस्ती अंधारात, थंडीत, बधिर बोटांनी होते. रसद खोळंबली, तर पुढच्या चौकीवरचे जवान उपाशी राहतात. तेव्हा दुरुस्तीचा आकडा आधी पाहा. जय हिंद.