मोजकी हत्यारं, पण पक्की

 विदर्भाच्या मातीत लोखंडी हत्यारांची परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी आहे. नागपूरजवळ माहुरझरीच्या उत्खननात कुऱ्हाडी, छिन्न्या निघाल्या, नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी. ही हत्यारं कामाची होती. घरासाठीही कामाचीच, मोजकी हत्यारं निवडावीत, कारण घरातली कामं ठरलेली असतात: उन्हाळ्याआधी कूलरचे नट आवळायचे, सैल बिजागरी घट्ट करायची, खिळा ठोकायचा. त्याला पक्कड, हातोडी, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, स्क्रूपाना, हॅकसॉ आणि मोजपट्टी एवढं पुरतं.

तेवढ्याच पैशात पन्नास नगांची पेटी मिळते, असं कुणी म्हणेल. मिळते, पण त्यातल्या स्क्रू ड्रायव्हरचं नरम पोलादाचं टोक दोन फेऱ्यांत झिजतं, स्क्रूची खाचही खातं आणि मग स्क्रू कधी कधी ड्रिलनेच काढावा लागतो. म्हणून दुकानातच पक्कड मिटून उजेडासमोर धरा. टोकाशी फट दिसली किंवा सांधा डुगडुगला, तर परत ठेवा. हातोडीच्या दांड्याचे रेषे लांबीच्या दिशेनं हवेत, आडवे असले की दांडा मोडतो. पकडीवरचं साधं प्लॅस्टिक विजेपासून वाचवतं, हा मात्र गैरसमज. त्यासाठी 1000 व्होल्टची खूण लागते, आणि मेन स्विच तरीही बंदच करायचा. मिस्त्री असताना हा खटाटोप कशाला? वायरिंगसाठी त्यालाच बोलवा, पण एका बिजागरीसाठी तो लवकर यायचा नाही. खरेदीत हॅकसॉची चौकट मात्र साधी चालेल. पैसे पात्यावर घाला.