मेंदूच्या लहरींचा पहिला आलेख : डॉ. हान्स बर्गर

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)





वाणिज्य शाखेच्या पदवीधराने, तेही उभे आयुष्य कापडाच्या पेढीवर काढलेल्या माणसाने, मेंदूविषयी बोलावे हे आपणांस काहीसे विचित्र वाटेल. परंतु घरात कोणाला फिट आली की डॉक्टर ई.ई.जी. काढावयास सांगतात, डोक्यावर लेप लावून तारा चिकटवतात आणि नागमोडी रेघांचा अहवाल हाती देतात, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. माणसाच्या मेंदूची ही रेघ ज्यांनी प्रथम काढली, त्या डॉ. हान्स बर्गर यांच्याविषयी मी आज बोलणार आहे.

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीतील कोबुर्गजवळच्या नॉयझेस या गावी झाला. त्यांच्या आईचे वडील म्हणजे महाकवी फ्रीडरिश रुकर्ट. संस्कृत जाणणाऱ्या या कवीने आपल्या महाभारतातील नल-दमयंतीची कथा जर्मन पद्यात नेली होती. नातवाला मात्र ताऱ्यांचे वेड. खगोलशास्त्रासाठी तो विद्यापीठात गेला, तेथे मन रमेना म्हणून एक वर्षासाठी सैन्यात दाखल झाला. तेथे सरावाच्या वेळी घोडा उधळला आणि तरुण बर्गर तोफेच्या गाड्याच्या चाकापुढे पडला. केवळ दैव बलवत्तर म्हणून गाडा थांबला. त्याच संध्याकाळी घरून खुशाली विचारणारी तार आली. दूर असलेल्या बहिणीला भावावर संकट आल्याची जाणीव झाली होती! आपल्या मनातील भीती तिच्यापर्यंत कोणत्या शक्तीने पोहोचली, या एका प्रश्नाने त्यांना वैद्यकाकडे वळवले. तारेची ही हकीकत निव्वळ योगायोगाची असावी असे माझे मत आहे. पण त्या योगायोगाने एका माणसाची पुढची चाळीस वर्षे गुंतवून ठेवली, हेही तितकेच खरे.

१८९७ मध्ये ते जेना येथील मनोरुग्णालयात रुजू झाले आणि १९१९ मध्ये तेथील प्रमुख झाले. दिवसा रुग्णसेवा आणि प्रशासन, सायंकाळी बंद दाराआड प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. मेंदूतील रक्तप्रवाह मोजून झाला, तापमान मोजून झाले; मनाचा ठाव काही लागला नाही. प्राण्यांच्या मेंदूत विद्युत्प्रवाह असतो, हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच दाखवले होते. परंतु एका व्होल्टचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील जेमतेम पन्नास-शंभर भाग एवढाच हा प्रवाह टाळूवर उमटतो. तो माणसाच्या कवटीबाहेरून टिपायचा कसा?

१९२४ च्या जुलैमध्ये, शस्त्रक्रियेत कवटीचे हाड काढलेल्या एका तरुण रुग्णाच्या डोक्यावरून त्यांना प्रथम अशी थरथर मिळाली. दुसरा कोणी असता तर लगेच डांगोरा पिटला असता. बर्गर यांनी पाच वर्षे काही छापले नाही. ही हालचाल हृदयाची तर नाही, नाडीची नाही, स्नायूंची नाही, अशी एकेक शंका ते फेडीत राहिले. स्वतःच्या डोक्यावर प्रयोग झाले, मुलगा क्लाउस याच्यावर तर कितीतरी वेळा झाले. शेवटी १९२९ मध्ये पहिला निबंध प्रसिद्ध झाला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूतून सेकंदाला सुमारे दहा लहरी उमटतात आणि डोळे उघडताच किंवा मन हिशेबात गुंतताच त्या मावळतात, ही त्यांची मुख्य शोधवस्तू. या लहरींना त्यांनी ‘अल्फा’ हे नाव दिले.

स्वदेशातील विद्वानांनी फारशी दखल घेतली नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा कोठे जगाने मान डोलावली. एड्रियन हे १९३२ चे नोबेल मानकरी. तरीही त्यांनी शोधाचे श्रेय मोकळ्या मनाने बर्गर यांना दिले. पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवले, की मूल क्षणभर हरवल्यासारखे टक लावून बसते त्या प्रकारच्या अपस्मारात सेकंदाला तीन या गतीने अणकुचीदार लहरी उठतात. बाधा नव्हे, मेंदूतील विजेचा बिघाड; आणि तो कागदावर दिसला.

आता जे सांगणार आहे ते सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी सांगावे की नाही, याचा मी विचार केला. पण अर्धवट चरित्र सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. जुन्या ग्रंथांत बर्गर हे नाझींचे विरोधक म्हणून आढळतात. या शतकात जेना येथील कागदपत्रे तपासली गेली आणि ते चित्र पालटले. १९३३ च्या जर्मन कायद्याने आनुवंशिक अपस्मार, मनोविकार इत्यादी असलेल्यांची सक्तीने नसबंदी सुरू झाली. १९४५ पर्यंत सुमारे चार लाख माणसे तीत सापडली. अशा प्रकरणांचे अपील ऐकणाऱ्या जेना येथील न्यायासनावर बर्गर स्वतः बसत होते. ज्यांच्या व्याधीचा आलेख काढण्याची वाट त्यांनी दाखवली, त्यांच्याच विरुद्ध निकाल देण्यात त्यांचा हात होता! आमच्या खतावणीत जमेची बाजू कितीही भरघोस असली, तरी नावेची नोंद खोडता येत नाही. १९३८ मध्ये ते निवृत्त झाले आणि १ जून १९४१ रोजी, खिन्नतेच्या आजारात, त्यांनी आपले जीवन संपवले.

हा विषय दूर देशीचा म्हणून सोडून देता येत नाही. आपणा जैनांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने, वारंवार अपस्माराचे झटके येणे ही विवाहास बाधा मानली गेली. ती अट १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. अपस्माराच्या बहुसंख्य रुग्णांचे झटके नियमित औषधांनी आटोक्यात राहतात. कांदा वा चप्पल हुंगवण्याने झटका थांबत नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि झटका पाच मिनिटांहून अधिक चालला तर दवाखाना गाठावा. ई.ई.जी. निर्दोष आला म्हणजे अपस्मार नाहीच असेही नाही, हे डॉक्टर सांगतात ते ऐकावे.

कायदा बदलला, पण स्थळ पाहताना लपवाछपवी चालूच असते. मुलीच्या गोळ्या सासरी कोणाला दिसू नयेत म्हणून माहेरच्या कपाटात राहतात. आणि लग्नाची दगदग, रात्रीची जागरणे व चुकलेली गोळी यांमुळे नेमका त्याच आठवड्यात झटका येतो. मग सासरची माणसे तिला घेऊन दवाखान्यात जातात, डॉक्टर गोळी कधीपासून बंद आहे असे विचारतात, आणि कसली गोळी, हा प्रश्न तेथे प्रथमच निघतो.