रक्तात काय निघालं? : स्वागताध्यक्षीय भाषण



  

नागपुरात कुणी नुसतं ‘मेडिकल’ म्हटलं की ते १९४७ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाबद्दल बोलतंय, हे रिक्षावाल्यालाही सांगावं लागत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, पार बालाघाट-छिंदवाड्याकडून माणसं आजारी माणसाला घेऊन इथं येतात. सोबत पिशवीत भाकरी असते, गाठोड्यात पांघरूण असतं. आपण त्यांच्यावर उपचार करतो, आणि त्यांच्याकडून शिकतोही. आपलं बरंचसं संशोधन याच माणसांच्या रक्ता-थुंकीवर उभं आहे.

परिषदेचा विषय ठरवताना काही सहकाऱ्यांनी विचारलं, संसर्गजन्य रोगांवरचं संशोधन आणि वैद्यकीय नीती एकाच मांडवात कशाला? नीतीसाठी एक वेगळं सत्र ठेवा, शेवटच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर. त्यांना मी जे उत्तर दिलं, तेच तुम्हालाही सांगतो.

चाळीसेक वर्षांपूर्वी मी निवासी डॉक्टर होतो. एम.डी.च्या प्रबंधासाठी तापाच्या अठ्ठेचाळीस रुग्णांचं रक्त घेतलं. प्रत्येक बाटलीवर क्रमांक घातला, तक्ते केले, प्रबंध बांधून घेतला, पास झालो. काही महिन्यांनी गोंदियाकडचा एक माणूस वॉर्डाच्या दारात येऊन उभा राहिला. धोतर, खांद्यावर दुपट्टा, हातात जुनी चिठ्ठी. म्हणाला, “साहेब, माह्या रक्तात का निंगालं जी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचा क्रमांक कोणता, हेही मला सांगता येईना. तो एवढा प्रवास करून आला होता, आणि मी त्याला “सगळं ठीक आहे” असं सांगून परत पाठवलं. ते खोटं होतं. ठीक आहे की नाही, हे मला माहीतच नव्हतं.

ही चूक माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हे. पण त्या दिवसापासून संशोधनाचा कुठलाही पेपर हातात आला की मी एकच गोष्ट शोधतो : ज्यांचं रक्त घेतलं, त्यांच्यापर्यंत उत्तर पोचलं का? आणि त्याच्याही आधी, हा प्रश्न त्यांचा होता का?

म्हणून या परिषदेच्या मध्यभागी आम्ही एका कारकिर्दीचा अभ्यास ठेवला आहे. डॉ. अभय बंग आपल्याच मेडिकलचे, १९७२चे एम.बी.बी.एस., १९७७चे एम.डी. त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंगही इथल्याच. दोघं १९८४ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत गेलात तर आजही चांगला अर्धा दिवस जातो. तेव्हाच्या रस्त्यांची कल्पना तुम्हीच करा.

सुरुवातीला त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास केला. शास्त्र म्हणून तो चांगलाच होता. पण तो प्रश्न लोकांनी विचारलेला नव्हता, संशोधकाला पडलेला होता, असं त्यांनी स्वतःच पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. आपल्या प्रकाशित कामाबद्दल असं म्हणणारे संशोधक मी फार कमी पाहिले. त्यानंतरची दिशा निराळी दिसते. आदिवासींना मोठ्या इमारतींची, पांढऱ्या कोटांची भीती वाटते, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत हे त्यांना सोसत नाही, हे त्यांनी विचारून घेतलं, आणि ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना गोंडी पाड्यासारखा, झोपड्यांचा बांधला. दवाखान्याला नाव दिलं माँ दंतेश्वरी या देवीचं.

गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा डॉ. राणीताईंच्या पुढाकारानं झालेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, त्यांत जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. जगानं त्या आकड्यांची दखल घेतली. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की ते निष्कर्ष गावात जाऊन बायांसमोर मांडले गेले. वॉर्डाच्या दारातल्या माझ्या त्या माणसाला जे मिळालं नाही, ते त्या बायांना मिळालं.

आता न्यूमोनियाकडे येतो. इथं थोडा रेंगाळणार आहे, कारण मला या कामातलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल, तर ते हे. बाळाला न्यूमोनिया झाला की श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, त्यापुढच्या बाळाचा पन्नास किंवा जास्त. एवढं ओळखलं आणि वेळेत औषध (तेव्हा को-ट्रायमोक्साझोल) दिलं, तर बहुतेक बाळं वाचतात. पण गावात बाळाच्या सगळ्यात जवळ असते ती सुईण, आणि तिला बाराच्या पुढं मोजता येत नव्हतं. आपण काय म्हटलं असतं? आधी साक्षरता वर्ग काढा, मग बघू. त्यांनी लाकडी चौकट केली. एका बाजूला मिनिटभराचं वाळूचं घड्याळ, आणि मण्यांच्या दोन ओळी. तान्ह्या बाळासाठी वरची ओळ, पाच हिरवे मणी आणि शेवटी एक लाल. थोड्या मोठ्या बाळासाठी खालची, चार हिरवे आणि एक लाल. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत तर तिला येतच होतं.

५८ गावांत हे काम झालं, ४४ गावांशी तुलना केली गेली. १९९० साली आकडे छापून आले. पाच वर्षांखालच्या दर हजार बालकांमागं न्यूमोनियानं होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, कामाच्या गावांत ८.१.

पुढचा टप्पा अवघड होता, आणि नीतीचा खरा पेच तिथंच आहे. नवजात बाळाचा जंतुदोष, म्हणजे सेप्सिस. त्या काळी पुस्तकात एकच वाक्य होतं : रुग्णालयात भरती करा. ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायांनी १९९५-९६ साली घरोघरी जाऊन ७६३ नवजात बाळं पाहिली, वजनं केली, टिपणं ठेवली. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. उपचार मिळाले २.६ टक्के बाळांना.

मित्रांनो, इथं थांबायला हवं. आजारी बाळाजवळ बसून टिपण लिहायचं, आणि सुई अजून हातात नाही. हे योग्य होतं का? आणि पुढे तुलनेसाठी ठेवलेली ४७ गावं, त्यांचं काय? त्याच सुमारास, १९९७ साली, जगभर याच प्रश्नावरून वादळ उठलं होतं. आईकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग रोखणारं औषध सिद्ध झालेलं असताना गरीब देशांतल्या चाचण्यांत काही गरोदर स्त्रियांना औषधाऐवजी निव्वळ दिखाऊ गोळी दिली जात होती. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) १९८० साली धोरणाचं निवेदन काढलं होतं, पण सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली २००० साली. म्हणजे गडचिरोलीत आधी नुसतं निरीक्षण करायचा आणि तुलनेची गावं ठेवायचा निर्णय घेतला गेला, तेव्हा हाताशी तयार चौकट फारशी नव्हती.

माझं मत मी लपवत नाही. घरी सुई देणं सुरक्षित आहे की घातक, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. न पाहता सुरू केलं असतं, तर एका बाळाच्या मृत्यूनंतर ते काम कायमचं बंद पडलं असतं, आणि बाळ रोगानं गेलं की सुईनं, हेही कळलं नसतं. म्हणून निरीक्षणाचं वर्ष मला समर्थनीय वाटतं. तुलनेच्या गावांकडून काही काढून घेतलं गेलं नाही, हे खरं आहे. पण “काढून घेतलं नाही” एवढ्यावर माझं समाधान होत नाही. त्या ४७ गावांतल्या आयांनी आपल्या बाळांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी देऊन शास्त्राला काहीतरी दिलं. त्याची परतफेड कशी करायची, यावर उद्या अख्खं सत्र आहे, आणि तिथं माझ्या विरोधात बोलणाऱ्यांची मी वाट बघतो आहे.

त्यानंतर सुई सुरू झाली. गावातलीच, थोडीफार शिकलेली बाई जेंटामायसिनचं इंजेक्शन देणार, यावर तेव्हा केवढा गहजब! पद्धत अशी होती : आधी बाळाला दवाखान्यात न्यायचा सल्ला, आई-वडील नाही म्हणाले तर लेखी संमती, मगच सुई. सेप्सिस झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ झाला, तुलनेच्या गावांत तो ५८ वरून ५९.६ वर, जिथल्या तिथं राहिला. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये आलं. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची शिफारस केली, आणि २०११ साली केंद्र सरकारनं ते काम आशाताईंकडे सोपवलं. आज या सभागृहात मागच्या चार रांगांत ज्या बसल्या आहेत, त्यांच्या पिशवीतला झोळीचा वजनकाटा आणि थर्मामीटर या वाटेनं आला आहे. ताई, तुमच्या अनुभवांचं सत्र आम्ही मुद्दाम पहिलं ठेवलं आहे. प्राध्यापक मंडळींनी कृपया ते चुकवू नये.

अध्यक्ष महोदयांचा आणखी वेळ घेत नाही. नोंदणीच्या टेबलाशेजारी आमच्या विद्यार्थ्यांनी मण्यांची तशीच एक चौकट करून ठेवली आहे. चहाच्या वेळी एकमेकांचे श्वास मोजून बघा, मोजताना बोट कसं अडखळतं तेही बघा. तिच्या शेजारी काळ्या बांधणीचं एक जुनं पुस्तक आहे. तो माझा प्रबंध. शेवटच्या तक्त्यात एक ते अठ्ठेचाळीस क्रमांक आहेत, ताप आहे, पांढऱ्या पेशी आहेत. नावाचा रकाना नाही.

दीपप्रज्वलनासाठी मी परिषदेच्या अध्यक्षांना आणि त्यांच्यासोबत एका आशाताईंना व्यासपीठावर येण्याची विनंती करतो.