सर्दीची जुनी गोळी आणि मायलिन

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंच्या आवरणावरच हल्ला करते तो आजार. त्याच्या रुग्णाला डॉक्टर सांगतात, नवा हल्ला आपण थोपवू. हे खरंही आहे. तशी औषधं आज आहेत. पण मज्जातंतूंवरचा मायलिनचा जो स्निग्ध थर आधीच गेला, त्याचं काय? थर गेला की संदेश रेंगाळतात, नजर धूसर होते, पाय जड पडतात. शिवाय मायलिन तंतूला पोसतंही. त्यामुळे उघडा पडलेला तंतू पुढे कायमचा मरू शकतो. म्हणून मायलिनची दुरुस्ती हेच तंतूचं संरक्षण.

श्रोतेहो, मायलिन करणाऱ्या पेशींच्या पूर्वपेशी प्रौढ मेंदूतही असतात. जखमेपाशी त्या पोचतात, पण पुष्कळदा तिथेच अडतात, पक्व होत नाहीत. त्यांना पुढे नेणारं औषध शोधायला सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जोना चॅन यांच्या गटाने मोठी कल्पक युक्ती केली. मज्जातंतूंऐवजी त्यांनी शंकूच्या आकाराचे सूक्ष्म खांब वापरले. पेशींनी खांबाभोवती मायलिन गुंडाळलं, की वरून पाहताना त्याचं कडं दिसे. मान्यता मिळालेली सुमारे हजार औषधं अशी तपासली. 2014 साली त्यातून पुढे आलं क्लेमास्टिन, शिंका आणि वाहत्या नाकावरची जुनी गोळी!

मग अरी ग्रीन आणि सहकाऱ्यांनी 50 रुग्णांवर पाच महिने चाचणी घेतली. डोळ्यांसमोरच्या पडद्यावर चौकटी हलवायच्या आणि मेंदूपर्यंत संदेश पोचायला किती वेळ लागतो, ते मोजायचं. 2017 मध्ये निकाल छापून आला: संदेश सरासरी 1.7 मिलिसेकंद लवकर पोचत होता. एवढ्याशा आकड्याचं मोल फार मोठं आहे, कारण या रुग्णांचं नुकसान जुनं होतं.

गोळीने थकवा मात्र वाढला. पुढे अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका चाचणीत, सतत बळावत जाणाऱ्या प्रकारचा आजार असलेल्या नऊ रुग्णांपैकी तिघांची प्रकृती अधिक वेगाने ढासळली आणि त्यांच्या गटातलं क्लेमास्टिन थांबवावं लागलं. म्हणून ही गोळी कुणीही आपल्या मनाने घेऊ नये.

केंब्रिजमध्ये रॉबिन फ्रँकलिन यांच्या गटाने मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने म्हाताऱ्या उंदरांच्या पूर्वपेशींना पुन्हा तरतरी आणली होती. तिथेच पुढे 70 रुग्णांवर मेटफॉर्मिन आणि क्लेमास्टिन ही दोन्ही औषधं एकत्र तपासली गेली. 2025 मध्ये निकाल आला. औषधं घेणाऱ्यांचा संदेशवेग टिकला, न घेणाऱ्यांचा मंदावला. सहा महिन्यांत नजरेत किंवा चालण्यात फरक पडला नाही. तंतू खरोखर वाचतात का, हे पाहायला आता वर्षानुवर्षं चालणाऱ्या चाचण्या हव्यात.