चार रंग पुरतात
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



ऑफिसात आपल्या पहिल्या चेअरमनकाकांचं तैलचित्र लागलंय, ते कसं काढलं हे सांगा, असा कमिटीचा हुकूम आहे. खरं सांगू? ते दुसऱ्यांदा काढलंय.

काकांचा फोटो मिळाला तो डोलवीला नोकरीत असतानाच्या गेटपासवरचा. काळापांढरा, अंगठ्याएवढा. मी बारा ट्यूब उघडल्या. गालाला गुलाबी, कपाळाला केशरी, सावलीला जांभळा! काकूंनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण हे कोण?"

त्या रात्री झोप लागली नाही. मग उमगलं, की चांदण्यात गच्चीवर उभा असलेला शेजारीसुद्धा आपण ओळखतो. तिथे रंग कुठे दिसतो? दिसतो तो उजेड आणि सावली. चित्रकार त्यालाच छटा म्हणतात.

स्वीडनचे चित्रकार आंडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने चार रंगांची पॅलेट प्रसिद्ध आहे : पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन आणि आयव्हरी ब्लॅक. निळा नाहीच! पण काळ्यात पांढरा मिसळला, की तो लालपिवळ्याशेजारी निळसर वाटतो. ऑकरमध्ये काळा घातला, की हिरवट होतो.

या वेळी कॅनव्हासवर आधी पातळ तपकिरी हात फिरवला, कारण कोऱ्या पांढऱ्यावर प्रत्येक छटा जास्तच गडद वाटते. डोळे बारीक करून फोटो पाहिला. बारकावे गेले, मोठे गडद आणि उजळ भाग उरले. गडद भाग टर्पेंटाइनमध्ये पातळ लावले, मग मधल्या छटा, उजळ भाग शेवटी आणि जाड. शुद्ध पांढरा फक्त डोळ्यांतल्या दोन ठिपक्यांसाठी राखला. आपल्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात बघा ना, सगळं रंगकाम झालं तरी मूर्तीत जीव येतो तो डोळ्यांच्या आखणीनेच.

काकूंना पुन्हा बोलावलं. बराच वेळ गप्प. मग पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "वरचं बटण लावा त्यांचं. उघडं राहिलेलं खपायचं नाही त्यांना."

ते बटण मी त्यांच्यासमोरच लावलं. काळ्याचा एक ठिपका, बस्स.

मुलांनो, शिकायचं असेल तर या माझ्याकडे. फक्त चार ट्यूब आणा. बाकीच्या मी कपाटात ठेवल्यात.